कोकणातील विशेष मुलांचे उन्हाळी वर्ग : पार्श्वभूमी

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात मे महिन्यात विशेष गरजा असणाऱ्या मुलांसाठी जे वर्ग किंवा शिबिरे भरतात, त्यांना सलग असा इतिहास नाही. कुठे तालुक्याच्या गटसाधन केंद्रात (शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण खात्याच्या केंद्रात) आठवडाभर, कुठे देवळाच्या सभामंडपात सकाळचे दोन तास, तर कुठे पालकांच्या आग्रहाखातर विशेष शाळेच्याच आवारात ते भरत आले. शाळेच्या वार्षिक वेळापत्रकात त्यांना जागा नव्हती आणि आजही नाही. मे महिना सरकारी हिशेबात कुठे बसतो आणि कोकणातल्या घरात तो कसा जातो, या दोन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय हे कोडे सुटत नाही.

जुना भाग थोडक्यात सांगता येईल. मुंबईत मूकबधिर मुलांसाठी शाळा १८८५ च्या सुमारास निघाली, अंध मुलांसाठी १९०० च्या आसपास, आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी १९७२ मध्ये. कोकणातल्या पुष्कळ घरांचा एक पाय मुंबईत असे. तिथे राहायची सोय आणि शाळेची माहिती असेल त्याच घरातल्या मुलाला या शाळांचा उपयोग होई. बाकीची मुले ओटीवर, पडवीत, घरच्यांच्या नजरेसमोर वाढली. पुढे कोकणातच निवासी विशेष शाळा निघाल्या. आज मंडणगड तालुक्यातल्या घराडीसारख्या आडवाटेच्या गावातही अंध मुलांची निवासी शाळा आहे. या शाळांनी पिढ्या घडवल्या यात शंका नाही. मात्र उन्हाळ्यात वसतिगृह बंद झाले की मूल घरी येई, आणि ऐकू न येणाऱ्या मुलाची तेव्हा मोठी कुचंबणा होई. वर्षभर ज्या खुणांनी ते मनमोकळे बोलत असे, त्या खुणा घरात कोणालाच येत नसत. उन्हाळी वर्गांची गरज पहिल्यांदा तिथे दिसायला हवी होती. प्रत्यक्षात सुटीचे ते सहा आठवडे कुटुंबाचा प्रश्न समजून सोडून दिले गेले.

अपंग मुलांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ ची. ती आधी समाजकल्याणाकडे होती, १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची हमी दिली. अर्धवेळ वर्ग, अनौपचारिक शिक्षण, मुक्त शाळा यांचाही त्यात विचार होता. सुटीतल्या शिक्षणाचा मात्र नव्हता. ही हमी गावपातळीवर उतरायला २००१ नंतरचे सर्व शिक्षा अभियान यावे लागले. आज ज्यांना आपण उन्हाळी वर्ग म्हणतो, त्यांचे मूळ याच काळात आहे.

अभियानात प्रत्येक विशेष मुलामागे वर्षाला १२०० रुपये धरले होते. पुढे ही मर्यादा ३००० झाली आणि त्यातले किमान १००० शिक्षकांवर खर्च करण्याची अट आली. या पैशांतून करारावरचे फिरते विशेष शिक्षक नेमले गेले. एकेका शिक्षकाकडे अनेक शाळा. सोमवारी एका वाडीची शाळा, मंगळवारी खाडीपलीकडची. मोजमाप शिबिरे झाली, मग साहित्यवाटप झाले. श्रवणयंत्रे, कॅलिपर, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या आल्या. या शिक्षकांनी कोकणात जे काम केले त्याची दखल फार कमी घेतली गेली. घरात मूल आहे हेच शेजाऱ्यांना माहीत नसलेल्या घरांपर्यंत ते चालत पोहोचले. उन्हाळी वर्गाची कल्पनाही त्यांच्याच अनुभवातून वर आली. एप्रिलमध्ये स्वतःच्या हाताने जेवणारे, शर्टाची बटणे लावणारे मूल जूनमध्ये पुन्हा आईच्या हाताकडे बघत बसलेले दिसे. वर्षभराच्या मेहनतीतला मोठा वाटा पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा पहिल्यापासून करावा लागे.

कोकणातला मे इतर जिल्ह्यांसारखा नसतो. आंबा उतरवायचा असतो, काजूची बी गोळा करायची असते, रातांबे फोडून आगळ आणि आमसुले करायची असतात, पावसाआधी लाकूडफाटा भरायचा असतो. घर चाकरमान्यांनी भरलेले असते आणि एसटीत पाय ठेवायला जागा नसते. विशेष मुलाकडे बघायला आईला याच महिन्यात सगळ्यात कमी वेळ मिळतो. उलट जमिनीच्या दृष्टीने हाच काळ सोयीचा. मृग लागला की पाखाडीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, साकव वाहून जातो किंवा भीतीने टाळला जातो, खुर्चीची चाके चिखलात रुततात. जून ते सप्टेंबर ही मुले शाळेत कमी येतात, कारण रस्ताच राहत नाही. म्हणून अंध मुलाला घरापासून रस्त्यापर्यंतची वाट पांढऱ्या काठीने शिकवायची, चालायला शिकणाऱ्या मुलाला बांधाबांधाने न्यायचे, तर कोरडी जमीन असते ती मेपर्यंतच. बाजारात सुटे पैसे मोजणे, एसटीत हात दाखवून चढणे हेही तेव्हाच शिकवता येते. सकाळी अकराच्या आत वर्ग आटोपावा लागतो एवढेच. नंतर घामाने मुले हैराण होतात.

या सगळ्यावर सर्वात जास्त परिणाम केला तो २०१२ मधल्या एका निर्णयाने, आणि त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग किंवा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिक्षण घेण्याचा पर्याय मिळाला. कायद्याची भाषा स्पष्ट आहे. हा मुलाचा हक्क आहे, त्याने हवा तर निवडायचा. विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की यामुळे शाळेला हात झटकायची वाट मिळाली. रॅम्प बांधण्यापेक्षा, मदतनीस नेमण्यापेक्षा मुलाचे नाव गृहाधारित यादीत टाकणे सोपे. बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे असे की अंथरुणावर असलेल्या मुलाला शाळेत आणण्याचा हट्ट धरला तर ते कुठल्याच यादीत राहणार नाही.

कोकणात दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटण्यासारखे वाटते, कारण घर डोंगरउतारावर आणि शाळा खाली वाडीत. शंभर पायऱ्या उतरून मुलाला पाठीवर न्यायचे आणि पुन्हा चढवून आणायचे, हे रोज कोण करणार? त्यामुळे इथे हा पर्याय फारशा चर्चेविना स्वीकारला गेला. पण उन्हाळ्याच्या बाजूने पाहिले की त्यातली उणीव उघडी पडते. त्याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस सांगितले आहेत. तासही सांगितले आहेत, अनुक्रमे ८०० आणि १०००. हे सगळे शाळेचे दिवस आणि शाळेचे तास. घरी शिकणाऱ्या मुलाकडे शिक्षक किती वेळा यावा, किती वेळ बसावा, याचा असा किमान आकडा त्या अनुसूचीत नाही. शाळेला सुटी लागली की त्याचीही सुटी धरली जाते. वास्तविक हे मूल शाळेत जातच नाही, त्याला सुटी कसली? शिक्षक आठवड्यातून एकदा येणार असेल आणि मे-जूनमध्ये तेही थांबणार असेल, तर त्या मुलाच्या हक्काचे नेमके किती तास उरतात? घरचा पर्याय देताना घरचे वर्ष वेगळे मोजायला हवे होते. ते केले गेले नाही, आणि या दुरुस्तीचा खरा दोष मला तिथेच दिसतो.

पैशांच्या तरतुदीही शाळेच्याच वर्षावर बेतलेल्या. सर्व शिक्षा अभियानाच्या जागी २०१८ पासून आलेल्या समग्र शिक्षा योजनेत दर मुलामागची रक्कम ३५०० रुपये झाली. विशेष गरजा असणाऱ्या मुलींना महिना २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, तो वर्षातल्या १० महिन्यांचा.

सुटीत या मुलांचे शिक्षण थांबावे का, हा प्रश्न न्यायालयात सरळ मांडला गेला तो अमेरिकेत. पेनसिल्व्हेनिया राज्यात शाळेचे वर्ष १८० दिवसांचे होते आणि त्यापलीकडे कोणालाही सरकारी खर्चाने शिकवायचे नाही असा नियम होता. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांनी त्याला आव्हान दिले. सुटीत ही मुले शिकलेले किती विसरतात आणि ते परत मिळवायला त्यांना किती काळ लागतो, हा खटल्याचा गाभा होता. १९७९ मध्ये निकाल पालकांच्या बाजूने लागला आणि पुढच्या वर्षी अपिलातही सरसकट १८० दिवसांची मर्यादा टिकली नाही. गरज असलेल्या मुलाला वाढीव शालेय वर्ष मिळू लागले ते या वाटेने. आपल्याकडे २०० आणि २२० हे किमान आकडे आहेत, त्यापुढे शिकवायला मनाई नाही. तरी व्यवहारात ते कमालच ठरले.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले. स्वमग्नता (ऑटिझम) १९९५ च्या यादीत नव्हती, ती आता आली. अध्ययन अक्षमताही आली. दिनक्रम मोडला की स्वमग्न मूल किती अस्वस्थ होते हे पालक जाणतात. पाहुण्यांनी भरलेले घर, बदललेल्या जेवणाच्या वेळा, रात्री उशिरापर्यंतच्या गप्पा, असा मे त्याच्यासाठी वर्षातला सर्वात अवघड महिना. उन्हाळी वर्गाची मागणी पालकांकडून जोराने यायला लागली ती याच सुमारास.

मग २०२० चा मार्च आला आणि शाळा बंद झाल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले. रायगडसह दापोली, मंडणगडमध्ये घरांचे आणि शाळांचे पत्रे उडाले, वीज बराच काळ नव्हती. पुढच्या मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळाने किनारा झोडपला, जुलैत चिपळूण बुडाले. मोबाइलवरच्या धड्यांचा या मुलांना तसाही फारसा उपयोग नव्हता. नेटवर्क नसलेल्या वाड्यांत तेही नव्हते. एरवी सहा आठवड्यांच्या सुटीचे नुकसान व्हायचे, इथे दीड-दोन वर्षांचे झाले. सुटीतले नुकसान म्हणजे काय हे त्यानंतर कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

२०२२ मध्ये राज्याने पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचे अभियान सुरू केले. एक मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये, आणि मधले उन्हाळ्याचे आठवडे मातांच्या गटांनी घरीच मुलांकडून कृती करून घ्यायच्या. म्हणजे उन्हाळा शिक्षणाच्या हिशेबात धरता येतो, हे राज्याने मान्य केले. विशेष मुलांच्या मातांसाठी हाच आराखडा थोडा बदलून वापरता येईल. त्याच वर्षी ३ डिसेंबरला दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. विशेष शाळा त्याच्याकडे, सर्वसाधारण शाळेतली विशेष मुले शालेय शिक्षणाकडे. दोघांच्या मधला मे महिना अजून कोणाच्याच नावावर नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्राथमिक स्तरावर दहा विशेष मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण ठरवून दिले. २०२४ मध्ये राज्याने शाळांच्या केंद्रागणिक (जवळपासच्या शाळांच्या गटागणिक) एक याप्रमाणे ४८६० विशेष शिक्षकांची पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. वर्षानुवर्षे करारावर राबलेल्या माणसांना न्याय मिळायलाच हवा होता. पण त्यातून उन्हाळ्याचा एक नवा पेच निघतो. सेवानियमांत नियमित शिक्षक दीर्घ सुटीच्या विभागात मोडतात. सुटीत कामावर बोलावले तर त्या बदल्यात अर्जित रजा द्यावी लागते. ती मंजूर करणारा आदेश असेल तरच केंद्राचा विशेष शिक्षक मे महिन्यात वाडीवर जाऊ शकेल. हा आदेश जिल्हा परिषदांनी आपापल्या पातळीवर काढायचा की राज्याने एकदाच, हे आधी ठरावे लागेल, आणि तेही एप्रिलच्या आत, कारण पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो.