रिव्हर्स, शेल-शॉक आणि आठवणींवरचे उपचार

पहिले महायुद्ध चालू असताना, फेब्रुवारी १९१५ मध्ये, ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांच्या आजाराची हकीकत प्रसिद्ध केली आणि 'शेल-शॉक' हा शब्द वैद्यकीय वाङ्मयात रूढ झाला. तोफगोळा जवळ फुटल्याने मज्जासंस्थेला धक्का बसतो, असे या नावातून सूचित होत होते. पण स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांची वाचा जाऊ लागली, हातपाय लुळे पडू लागले, तेव्हा ते स्पष्टीकरण अपुरे ठरले. १९१७ मध्ये तर ब्रिटिश लष्कराने या शब्दाच्या वापरावरच निर्बंध आणले. मात्र नाव दडपल्याने रुग्ण कमी होणार नव्हते.

मायर्स यांचे केंब्रिजमधील गुरू डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी हा प्रश्न वेगळ्या बाजूने हाताळला. ते मूळचे वैद्य. १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनी (ऑस्ट्रेलिया व न्यू गिनी यांच्यामधील) मोहिमेत ते मानववंशशास्त्राकडे वळले आणि पुढे निलगिरीतील तोडा समाजात राहून त्यांनी १९०६ मध्ये त्या समाजावर ग्रंथ प्रसिद्ध केला. समोरच्या माणसाचे म्हणणे शांतपणे ऐकून घेण्याची सवय त्यांना तिथेच जडली असावी, असे मला वाटते.

१९१६ मध्ये ते एडिनबर्गजवळच्या क्रेगलॉकहार्ट या अधिकाऱ्यांसाठीच्या रुग्णालयात रुजू झाले. तेथे येणाऱ्या बहुतेकांना 'झाले गेले विसरा' हाच सल्ला आधी मिळालेला असे, आणि दिवसा मोठ्या निग्रहाने दूर सारलेले प्रसंग रात्री स्वप्नांत परत येत. एका अधिकाऱ्याला आपल्या मित्राचे छिन्नविच्छिन्न शरीर सापडले होते व तेच दृश्य त्याला रोज दिसे. शरीराची ती अवस्थाच मृत्यू तत्काळ आणि वेदनेविना आला असल्याचा पुरावा आहे, हे रिव्हर्स यांनी त्याच्या लक्षात आणून दिले. त्यानंतर स्वप्नातली भीती ओसरून तिच्या जागी शोक आला. अर्थात, प्रत्येक आठवणीला असा सोसवेल असा पैलू नसतो, आणि ज्यांच्या बाबतीत तो सापडला नाही, त्यांना ही पद्धत फारशी उपयोगी पडली नाही, हे रिव्हर्स यांनी स्वतःच नोंदवले आहे.

या कामात एक पेच होता, आणि तो सिगफ्रीड ससून यांच्या निमित्ताने उघड झाला. युद्ध लांबवले जात असल्याचा जाहीर निषेध करणाऱ्या या कवी-अधिकाऱ्याला जुलै १९१७ मध्ये लष्करी न्यायालयाऐवजी क्रेगलॉकहार्टला पाठवण्यात आले. ससून आजारी नाहीत, हे रिव्हर्स यांना दिसत होते. तरीही गणवेशातील डॉक्टर म्हणून ससून यांना पुन्हा कामावर पाठवणे हेच रिव्हर्स यांचे कर्तव्य होते. नोव्हेंबरमध्ये ससून आपणहून सेवेत परतले. युद्धानुभवांच्या दमनाविषयीचा (म्हणजे ते मनातून दूर सारण्याविषयीचा) आपला गाजलेला निबंध रिव्हर्स यांनी पुढच्याच महिन्यात, डिसेंबर १९१७ मध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनपुढे वाचला.