सोडा गॅस का धरत नाही?
(सोडा मशीन वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मार्च उजाडला की दुकानादुकानांतून एकच तक्रार येते: सोडा कडक लागत नाही. बहुतेकांनी तोवर दाब वाढवायला रेग्युलेटर पिळून ठेवलेला असतो. त्याला हात लावण्याआधी टाकीत जाणाऱ्या पाण्याचे तापमान मोजा.

टाकीत कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळत असतो आणि त्याच वेळी विरघळलेला गॅस बाहेरही पडत असतो. दोन्हींचा वेग सारखा झाला की समतोल. पुढे मशीन कितीही वेळ चालू ठेवा, सोडा अधिक कडक होत नाही. दाब वाढवला तर समतोल पाण्याच्या बाजूला सरकतो, म्हणजे जास्त गॅस विरघळतो. उलट, गॅस विरघळताना उष्णता बाहेर पडते; म्हणून पाणी तापले की तो बाहेर यायला बघतो.

कडक सोड्यात लिटरमागे 8 ग्रॅमच्या आसपास गॅस असतो. तेवढा धरायला 4 अंश सेल्सिअसच्या पाण्याला सुमारे 25 पीएसआय (गेजवर दिसणाऱ्या दाबाचे एकक) पुरतात. 20 अंशांना 52 लागतात, 30 अंशांना 73. मग 73 च का ठेवू नयेत? कारण ग्लासात ओतताच दाब हवेइतका होतो. त्या दाबाला 30 अंशांचे पाणी जेमतेम सव्वा ग्रॅम गॅस धरू शकते, तर 4 अंशांचे पावणेतीन ग्रॅमहून जास्त. कोमट सोडा नुसता फेसाळून सांडतो, आणि गिऱ्हाइकाला मिळते सपक पाणी. वर टाकीच्या सीलवर ताण येतो तो वेगळाच. पैसे पाणी गार करणाऱ्या चिलरवर घाला, गॅसवर नको.

पाणी गार असूनही सोडा मऊ पडत असेल तर बहुधा टाकीत हवा अडकली आहे. गेज हवा आणि गॅस यांचा एकत्र दाब दाखवतो. कामी येतो तो गॅसचा वाटा. हवा भरलेल्या टाकीला थेट 25 पीएसआय दिले तर एक-तृतीयांशाहून जास्त कडकपणा तिथेच गेला. टाकी धुतल्यावर गॅस चालू ठेवून सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग दोन-तीन सेकंद ओढून धरा. असे तीनदा करा, खोलीची दारे-खिडक्या उघडी ठेवून.

सिलिंडरचा गेज मात्र गॅस किती उरला ते सांगत नाही. आत द्रव आणि वायू यांचा समतोल असतो. 20 अंशांना दाब सुमारे 57 बार (दाबाचेच दुसरे एकक), आणि द्रव संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही. सिलिंडरचे वजन करा व त्यावर कोरलेले रिकामे वजन वजा करा. 31 अंशांच्या वर आत द्रव उरतच नाही. मग भरलेल्या सिलिंडरमध्ये दाब झपाट्याने चढतो. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात ही रोजची गोष्ट. सिलिंडर सावलीत, उभा आणि साखळीने बांधलेला हवा.

टाकीच्या पुढे तांब्या-पितळेची जोडणी वापरू नका. सोडा आम्लधर्मी असल्याने त्यात तांबे उतरते.