हिरवा दगड निघाला म्हणजे तांबं निघालं का?

माण, खटाव किंवा जतकडे विहिरीचं काम चालू असताना काळ्या पाषाणातून कधीतरी हिरवट दगड निघतो. डबराच्या ढिगातला एखादा तुकडा घरी येतो, पाणी मारून उन्हात धरला जातो आणि "यात तांबं असणार" असं कुणीतरी म्हणतंच. म्हणणाऱ्याचं चुकतं असंही नाही. ताक राहिलं की तांब्याचं भांडं कळकतं आणि तो कळक हिरवाच असतो, हे घराघरात माहीत आहे. जगातल्या कितीतरी खाणी अशाच हिरव्या डागावरून सापडल्या. पण भूशास्त्र जाणणारा माणूस डाग पाहून थांबत नाही. तो त्या दगडाचा शेजार विचारतो.

तांब्याच्या एका जातीच्या साठ्यात तर सगळा खेळ शेजाराचाच असतो. त्याला स्कार्न म्हणतात. शब्द स्वीडनच्या खाणकामगारांचा. लोखंडाच्या खाणीत धातुकाबरोबर, म्हणजे धातू देणाऱ्या दगडाबरोबर, जो निरुपयोगी दगड निघायचा, त्याला ते स्कार्न म्हणत. पुढे तेच नाव शास्त्रात रुळलं. पृथ्वीच्या पोटातला तप्त शिलारस वर येताना चुनखडकात घुसला, की दोघांच्या सीमेवर मोठी उलथापालथ होते. शिलारसातून सुटलेलं खारं, उकळतं पाणी चुनखडकात झिरपतं. दगडातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, कॅल्शियम मात्र राहतं आणि त्याच्याशी सिलिका व लोह जुळून गार्नेट, पायरॉक्सीन अशी खनिजं तयार होतात. पुढे हे पाणी निवत जातं, त्याची आम्लता चुनखडक मारून टाकतो आणि त्यातलं तांबं चॅल्कोपायराइट या तांबं-लोह-गंधकाच्या खनिजाच्या रूपाने तिथेच बसतं. बरोबर पुष्कळदा मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिजही असतं. जरा लांबवरचा चुनखडक नुसता भाजून संगमरवर होतो. म्हणजे शिलारस, चुनखडक आणि धातू वाहून आणणारं पाणी अशी तिघांची गाठ पडावी लागते.

ती गाठ किती ठसठशीत दिसू शकते, याचं उदाहरण न्यू गिनी बेटावर आहे. १९३६ साली तिथे डचांची सत्ता होती. जाँ जाक डोझी हा तरुण डच भूशास्त्रज्ञ दोन सोबत्यांबरोबर कारस्टेन्झच्या बर्फाच्छादित शिखरांच्या मोहिमेवर गेला होता. वाटेत चुनखडकाच्या डोंगरांत त्याला एक काळाकुट्ट सुळका दिसला, अंगावर तांब्याचे हिरवे डाग. त्याने नमुने घेतले आणि नाव दिलं एर्ट्सबर्ग, म्हणजे धातुकाचा डोंगर. १९३९ मध्ये त्याचा अहवाल छापून आला, त्याच वर्षी युद्ध पेटलं आणि अहवाल ग्रंथालयात पडून राहिला. वीस वर्षांनी तो एका डच खाण-व्यवस्थापकाच्या हाती लागला. १९६० साली अमेरिकन भूशास्त्रज्ञ फोर्ब्स विल्सन जंगल तुडवत त्या सुळक्यापाशी पोचला आणि डोझीचं म्हणणं खरं निघालं. १९६७ मध्ये इंडोनेशिया सरकारशी करार झाला आणि १९७२च्या अखेरीस धातुकाचं पहिलं जहाज निघालं. सुळका खणून संपला, आता तिथे खड्डा आहे. गंमत म्हणजे जवळच असलेला ग्रासबर्गचा कितीतरी मोठा साठा १९८८ मध्ये सापडला. पहिली खाण नसती, तर त्या दुर्गम उंचीवर इतकी वर्षं कोण भोकं पाडत बसलं असतं?

आता आपल्याकडे या. त्याच १९६७ सालच्या ११ डिसेंबरच्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्याचं मूळ शोधण्यासाठी पुढे अनेक वर्षांनी पाटण तालुक्यात खोल छिद्रं घेतली गेली, आणि साताऱ्याच्या पोटात काय आहे ते प्रत्यक्ष हाताला लागलं. कोयनानगरजवळ रासाटीला सुमारे ९३२ मीटर नुसता बेसॉल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, लाव्हाच्या थरावर थर. त्याखाली थेट ग्रॅनाइट आणि नाइस, म्हणजे लाव्हाच्या कितीतरी आधीचे पायाचे खडक. दोहोंच्या मध्ये चुनखडकाचा थर मिळालाच नाही. गोठण्याचं छिद्र तर तीन किलोमीटर खोल गेलं, तिथेही लाव्हाखाली तोच जुना पाया. चुनखडकाचा शेजारच नाही, तर स्कार्न होणार कशाचं?

यावर माणदेशातला शेतकरी म्हणेल, आमच्या रानात चुनखड आहे की! आहे, पण ती मातीत साकळलेली. बेसॉल्ट झिजताना सुटलेला चुना कमी पावसाच्या मुलखात वाहून न जाता खडे होऊन बसतो. तिचा थर फार तर काही फूट, आणि ती धरली तेव्हा लाव्हा निवून युगं लोटली होती.

बेसॉल्टमध्ये तांबं अजिबात नाही असं मात्र नाही. दहा लाख भागांत शे-दोनशे भाग असतं. खाणीला साधारण अर्धा-एक टक्का लागतो, म्हणजे पंचवीस ते शंभरपट. महाराष्ट्रात तांब्याचा माग लागला तो, उदाहरणार्थ, चंद्रपूर जिल्ह्यातल्या ठाणेवासना भागात, तिथला खडक आपल्याहून कितीतरी जुना. साताऱ्याची धातूची जुनी कहाणी लोखंडाची आहे. महाबळेश्वराकडचे धावड जांभ्यातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळत.

मग विहिरीतला तो हिरवा दगड? बहुतेक वेळा ते सेलॅडोनाइट असतं. त्याचा हिरवेपणा लोहाचा, तांब्याचा नव्हे. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांना आतून त्याचं अस्तर लागतं आणि वर पांढरी गारगोटी, झिओलाइट वगैरे वाढतात. शंका राहिलीच तर जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली दगडाची पूड सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकावी. नुसता फेस आला म्हणून हुरळू नये, पोकळीतल्या कॅल्साइटलाही फेस येतो. निवळलेल्या पाण्यात घासून लख्ख केलेला लोखंडी खिळा बुडवावा. मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचं हिरवं खनिज, असेल तर थोड्या वेळात खिळ्यावर तांबूस लेप चढतो. विहिरीच्या दगडाचा चढत नाही, आणि तो तुकडा मग तुळशीवृंदावनापाशी शोभेला जाऊन बसतो.