पेप्टाइडच्या नळ्यांचं रान: तापवल्यावर रेणू तोच राहतो का?

पृष्ठभागावर आपोआप रचल्या जाणाऱ्या पेप्टाइडांचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांचा, विषय निघाला की डायफेनिलॲलनिनचं नाव येतंच. १९९३ मध्ये चक्रीय, म्हणजे दोन्ही टोकं जुळून कडं झालेल्या, पेप्टाइडांच्या अतिसूक्ष्म नळ्या झाल्या होत्या, पण ते रेणू मोठे आणि बनवायला किचकट. २००३ मध्ये इस्रायलमधल्या एका गटाने अल्झायमरशी निगडित बीटा-अमायलॉइड या प्रथिनातला डायफेनिलॲलनिन हा दोनच अमिनो आम्लांचा तुकडा उचलला. फ्लोरिनयुक्त अल्कोहोलात विरघळवून पाण्यात पातळ करताच नळ्या जुळल्या. पोकळीत चांदी भरून वरचं पेप्टाइड विकराने काढून टाकलं, तर सुमारे २० नॅनोमीटर जाडीच्या तारा उरल्या.

२००६ मध्ये याच नळ्या काचेवर उभ्या करता आल्या: द्रावणाचा थेंब पसरायचा आणि अल्कोहोल झपाट्याने उडून जाऊ द्यायचं.

खरा गुंता २००९ पासूनचा. निर्वातात भुकटी सुमारे २२० अंशांपर्यंत तापवून तिची वाफ थंड पृष्ठभागावर बसवली, की नळ्यांचं दाट, सरळ रान उभं राहतं. सुपरकपॅसिटरच्या (विद्युतभार साठवणाऱ्या साधनाच्या) इलेक्ट्रोडसाठी आणि पाणी झटकणाऱ्या काचेसाठी लगेच वापरून पाहण्याइतकं ते देखणं होतं. पण या तापमानाला रेणूची दोन टोकं एकमेकांना जोडली जातात, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि वस्तुमान ३१२ वरून २९४ वर येतं. म्हणजे पृष्ठभागावर बसतो तो चक्रीय रेणू. पद्धत मांडणाऱ्यांनी वस्तुमान तपासून हे तेव्हाच नोंदवलं होतं. तरीही नंतरच्या कितीतरी लेखांत वाफेतून आलेल्या थरालाही सरसकट डायफेनिलॲलनिनच म्हटलं गेलं, आणि माझ्या मते या क्षेत्राचं सर्वांत जास्त नुकसान त्यानेच केलं.

कारण फरक नावापुरता नाही. सरळ रेणूच्या टोकांवर विरुद्ध विद्युतभार असतात. त्यांच्यामुळे सहा-सहा रेणूंचं कडं होतं आणि मधल्या बारीक वाटेत पाणी राहतं. २००१ च्या स्फटिकरचनेत हे स्पष्ट दिसलं होतं. टोकं जुळली की भार गेले आणि ती वाटही गेली. २०१० मध्ये या नळ्यांत जोरदार दाबविद्युत गुण (दाब दिला की वीज निर्माण होण्याचा) मोजला गेला, तो द्रावणातून वाढवलेल्या षट्कोनी रचनेचा. तीच रचना साधारण १५० अंशांपर्यंत तापवली की गुण नाहीसा होतो. मग वाफेच्या थराची मोजमापं त्याच रकान्यात कशी मांडायची?

२०१६ मध्ये वाफेऐवजी द्रावणातून, विद्युतक्षेत्र लावून, विद्युत ध्रुवणाची (धन-ऋण टोकांच्या रोखाची) दिशा ठरवलेले उभे दांडे पृष्ठभागावर वाढवले गेले. त्यांचा दाबविद्युत गुणांक १७.९ पिकोमीटर प्रति व्होल्ट भरला, आणि तिथे रेणू सरळच होता.