एनसीसी केली म्हणजे एनडीए झालं का?

"एनसीसीत गेलाय, आता एनडीए पक्कं." परवा शेजारचे आजोबा नातवाबद्दल सांगत होते. नातू नववीत. परेडच्या आदल्या रात्री बक्कल ब्रासोने घासतो, बेरेटवरचा लाल हॅकल, म्हणजे तुरा, नीट बसलाय का ते आरशात चार वेळा बघतो. आजोबांचा हिरमोड करायचं जिवावर आलं होतं, पण हा गैरसमज घरोघरी आहे.

एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, ही एक जागा आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला, १९५५ पासून. तिथे तीन वर्षं राहून शिकायचं, जेएनयूची पदवी घ्यायची, मग पुढच्या ट्रेनिंगला आर्मीवाला डेहराडूनला, नेव्हीवाला केरळात एळिमलाला, एअर फोर्सवाला हैदराबादजवळ दुंडिगलला. त्यानंतर खांद्यावर तारे. एनसीसी, म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना, ही १९४८ पासून शाळा-कॉलेजांत चालणारी संघटना. ती केली म्हणून सैन्यात जायची सक्ती नाही, आणि ती केली म्हणून सैन्य आपणहून बोलावणंही धाडत नाही.

एनडीएची लेखी परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीस. बारावीत शिकत असतानाही फॉर्म भरता येतो. गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची आणि त्यातले २०० इंग्रजीचे. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. लेखीतून निवड झाली की एसएसबी, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या चाचण्या आणि मुलाखत, तिचे आणखी ९००. या १८०० गुणांत एनसीसीच्या शाळेतल्या 'ए' सर्टिफिकेटचा एकही गुण नाही आणि त्यासाठी राखीव जागाही नाहीत.

खरा घोळ अकरावीच्या ॲडमिशनला होतो. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते, नेव्ही आणि एअर फोर्सला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. आता "कुठलीही शाखा" एवढंच ऐकून मुलं गणित सोडतात. पण पेपर सगळ्यांना तोच! आर्ट्सवाल्यालाही बारावीच्या पातळीचं त्रिकोणमिती, सदिश, संभाव्यता सोडवावंच लागतं. दोन वर्षं परेड न चुकवणारा मुलगा इथे अडकतो, आणि एनसीसीचं तोंडही न पाहिलेली, गणितात पक्की मुलगी पुढे निघून जाते. मुलगी म्हणतोय ते उगाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना परीक्षा खुली झाली आणि मे २०२५ मध्ये पहिल्या १७ जणी तिथून बाहेर पडल्या.

मग एनसीसी फुकट का? अजिबात नाही. फक्त ती कामी येते ती एसएसबीत, आणि तीही लोकांना वाटतं तशी नाही. पाच दिवसांच्या या चाचणीत पहिल्याच दिवशी एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात, चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची आणि मग गटात चर्चा. त्याच दिवशी बरेच जण परतीच्या गाडीत असतात. पुढे मैदानावर एक फळी, एक बल्ली, एक दोरी देऊन गटाला म्हणतात, हे ओझं पलीकडे न्या. लाल रंगवलेल्या भागाला कोणाचाही स्पर्श होता कामा नये. नेता नेमलेला नसतो. "सावधान, विश्राम, दाहिने मुड" असं सांगायला कोणी नाही. म्हणून माझं मत असं की एसएसबीत कवायत फारशी उपयोगी पडत नाही, दहा दिवसांचा कॅम्प पडतो. पावसात तंबू गळायला लागला तेव्हा चर कोणी खणला, जेवणाची रांग विस्कटली तेव्हा कोण पुढे झालं, हे जगलेला मुलगा फळी उचलायला आधी वाकतो. मुलाखतीआधी भरायच्या फॉर्ममध्ये एनसीसीचा रकाना असतो. तिथे नुसतं "ए सर्टिफिकेट" लिहून भागत नाही, त्यावर खोदून विचारतात.

एनसीसीतून थेट अधिकारी व्हायची वाट खरंच आहे, पण ती खडकवासल्याला जात नाही. कॉलेजात एनसीसीच्या सिनिअर डिव्हिजनमध्ये 'सी' सर्टिफिकेट मिळवायचं, किमान 'बी' ग्रेडने. पदवीला पन्नास टक्के. वय एकोणीस ते पंचवीस. मग आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीला लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी. ट्रेनिंग चेन्नईच्या ओटीएत, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीत, आणि कमिशन शॉर्ट सर्व्हिसचं, दहा वर्षांचं, पुढे चार वर्षं वाढू शकणारं. मुलींनाही ही वाट खुली आहे. एनडीए हुकली तर काय, याचं हे एक उत्तर. पण अकरावी-बारावीत 'बी' सर्टिफिकेट झालं आणि पुढच्या कॉलेजात एनसीसीचं युनिटच नाही, तर 'सी' राहून जातं. ॲडमिशन घेताना कँटीनची चौकशी करतो, तशी याचीही करावी.

दहावीनंतर नुसती एनडीएचीच तयारी करायची असेल, तर महाराष्ट्र शासनाची सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट आहे, छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून मुलांसाठी आणि अलीकडे नाशिकला मुलींसाठी. तिथे अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी एकत्र होते. प्रवेशपरीक्षा दहावीच्या वर्षातच असते, त्यामुळे निकालानंतर धावपळ करून उपयोग नाही.

आजोबांना मी यातलं निम्मंही सांगितलं नाही. फक्त विचारलं, अकरावीला गणित घेणार ना?

"छे, तो म्हणतो गणित नको, म्हणून तर एनसीसी घेतली."