'सिरियस' म्हणजे नेमकं काय? रुग्णालयाचा स्कोअर आणि राहून गेलेलं तोंड

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, नाशिकमध्ये कुणाला फोन लावला की 'कसे आहात'च्या आधी 'स्कोअर किती आला' असं विचारलं जायचं. पंचवीसपैकी आठ म्हटलं की पलीकडचा माणूस हुश्श करायचा. अठरा म्हटलं की ऑक्सिजन बेडसाठी ओळखी काढायला सुरुवात. सीटी स्कॅनमध्ये फुप्फुसाच्या पाच खंडांना प्रत्येकी ० ते ५ गुण देऊन केलेली ही बेरीज सिडकोपासून सटाण्यापर्यंत सगळ्यांना समजत होती. केसपेपरवर तिच्या शेजारी वय, शुगर, बीपी, ऑक्सिजन आणि सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन या रक्ततपासण्या. तोंडाबद्दल मात्र एक ओळही नाही.

मे महिना उजाडला आणि बरे होऊन घरी गेलेल्यांपैकी काही जण परत यायला लागले. वरचे दात हलतायत, गाल बधिर झालाय, टाळूवर काळा डाग आहे. 'काळी बुरशी' हे नाव तेव्हाच घरोघरी पोचलं. खरं तर ती बुरशी काळी नसते. तिने रक्तपुरवठा तोडल्यावर मेलेला भाग काळा पडतो. पहिला संशय पुष्कळदा दंतवैद्याला आला, कारण रुग्ण दातासाठी आला होता. तिथून लोक विचारायला लागले, की भरती करतानाच कुणी बॅटरी मारून तोंड का बघितलं नाही? प्रश्न थोडा भावनेच्या भरात विचारलेला होता. म्युकरची, म्हणजे या बुरशीच्या आजाराची, मुळं वाढलेल्या साखरेत आणि स्टेरॉइडमध्ये, पायोरियात (हिरड्या सुजून दाताखालचं हाड झिजण्यात) तितकी नव्हेत. पण प्रश्न टिकला: कोण गंभीर होणार याच्या हिशेबात तोंडही धरायला हवं का?

तोंड आणि बाकीचं शरीर यांचा संबंध लावण्याची हौस जुनी आहे. १९०० च्या सुमारास इंग्लंड-अमेरिकेत संधिवातापासून वेडापर्यंत सगळ्याचं खापर किडक्या दातांवर फुटलं आणि पुढची तीसेक वर्षं चांगले दातसुद्धा उपटले गेले. दात गेले, आजार तिथेच राहिले. त्या नाचक्कीनंतर डॉक्टर मंडळींनी तोंडाकडे जी पाठ फिरवली ती फिरवलीच. आपल्याकडेही दोन्ही शिक्षणं वेगळ्या इमारतींतच वाढली. राज्यातल्या दंत आणि वैद्यकीय अशा दोन्ही महाविद्यालयांच्या परीक्षा घेणारं विद्यापीठ १९९८ पासून नाशिकातच आहे. केसपेपर मात्र एक झाला नाही.

अतिदक्षता विभागातले स्कोअर याच काळात घडले. १९८५ मध्ये बारा शारीरिक मोजमापं, वय आणि जुने आजार धरून काढायचा स्कोअर आला. १९९६ मध्ये सहा अवयवसंस्थांना ० ते ४ गुण देणारा 'सोफा' आला. २०१२ मध्ये ब्रिटनने साध्या वॉर्डातल्या नर्सला श्वास, नाडी, ताप, बीपी, ऑक्सिजन आणि शुद्ध यांवरून धोका ओळखता यावा म्हणून तक्ता काढला आणि २०१७ मध्ये तो सुधारला. यांत तोंड नाही. त्यात कट वगैरे काही नव्हता. जे आधीच मोजलं जातं तेच तक्त्यात येतं, आणि हिरड्या कुणी मोजत नव्हतं.

दरम्यान पुरावा दुसऱ्या दाराने येत होता. १९८९ मध्ये फिनलंडमधून दातांची अवस्था आणि हृदयविकाराचा झटका यांच्या संबंधावर निबंध आला. १९९० च्या दशकात आयसीयूतल्या रुग्णांच्या दातांवरच्या थरात न्यूमोनियाचे जंतू सापडले. श्वासाची नळी घातलेल्या माणसाची लाळ आटते, थर साचतो आणि तो थेंबाथेंबाने खाली उतरतो. जपानमधल्या वृद्धाश्रमांत दात घासून देण्याने न्यूमोनिया कमी झाल्याचं १९९९ मध्ये छापून आलं. पुढे तिथल्याच एका पाहणीत रात्री कवळी काढून न ठेवणाऱ्या अतिवृद्धांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला. आपल्या वॉर्डात कवळीची सोय ठरलेली असते. भरतीच्या वेळी ती रुमालात बांधून सुनेच्या पिशवीत जाते, नाहीतर महिनाभर तोंडातच राहते.

मग २०२० आलं. १ मेच्या यादीत नाशिक रेड झोनमध्ये होतं आणि त्याच महिन्यात आलेल्या केंद्राच्या सूचनांनुसार रेड झोनमधल्या दवाखान्यांत दातांचे फक्त तातडीचे उपचार करायचे होते. तोंडातून उडणाऱ्या तुषारांची भीती होती आणि ती रास्तच होती. पण नेमक्या ज्या महिन्यांत जगभर 'कोण गंभीर होणार' याची सूत्रं शेकड्यांनी तयार होत होती, त्या महिन्यांत तोंडं बंद होती. त्या सूत्रांचा लगोलग आढावा घेणाऱ्यांनी एप्रिल २०२० मध्येच बहुतेकांना नापास केलं. अशा तपासणीत पुढे तरलेलं एक ब्रिटिश सूत्र सप्टेंबरमध्ये आलं: वय, लिंग, जुने आजार, श्वासगती, ऑक्सिजन, शुद्ध, युरिया, सीआरपी. आठ गोष्टी, एकूण २१ गुण. तोंड याहीत नाही.

२०२१ च्या फेब्रुवारीत कतारहून जो अभ्यास आला त्याची बातमी मराठी पेपरांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ५६८ रुग्ण, त्यांपैकी ४० जणांना आयसीयू, व्हेंटिलेटर किंवा मृत्यू यांपैकी काहीतरी. आणि ज्यांच्या एक्स-रेत हिरड्यांखालचं हाड झिजलेलं होतं त्यांच्यात हे सुमारे साडेतीनपट. मृत्यूचा आकडा तर जवळजवळ नऊपट. त्या नऊपटीच्या शेजारी छापलेली मर्यादा, म्हणजे खरा आकडा जिच्यात कुठेही असू शकतो ती, १ पासून जवळजवळ ७८ पर्यंत होती, म्हणजे मृत्यू इतके थोडे की आकड्यावर भार टाकता येत नाही. बातमीत ती ओळ आली नाही. हा अभ्यास तिथेच का झाला? कारण तिथे दातांची आणि बाकीची नोंद एकाच संगणकीय फाइलमध्ये होती. आपल्याकडे दाताचा एक्स-रे रुग्णाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, लाइट बिलाच्या घडीत असतो.

इथपर्यंत सरळ आहे. अडतं ते 'गंभीर' या शब्दापाशी, आणि तिथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या विषयातली निम्मी भांडणं त्या एका शब्दाची आहेत.

नातेवाईक 'पेशंट सिरियस आहे का' विचारतात तेव्हा त्यांना जगणार की नाही एवढंच हवं असतं. पेपरवाले 'प्रकृती चिंताजनक' लिहितात, जुने डॉक्टर 'अत्यवस्थ' म्हणतात. सरकारी सूचनेत मात्र गंभीरचा अर्थ आकड्यात होता: साध्या हवेवर ऑक्सिजन ९० च्या खाली किंवा श्वास मिनिटाला तीसच्या वर. ९० ते ९३ म्हणजे 'मध्यम'. अमेरिकेच्या सूचनेत ९४ च्या खाली गेलं की थेट गंभीर. म्हणजे पंचवटीतला ९२ ऑक्सिजनचा माणूस इथे मध्यम आणि तिथल्या निबंधात गंभीर. दोन देशांचे अभ्यास शेजारी ठेवून 'पायोरियाने गंभीर आजार वाढतो' म्हणणाऱ्याने आधी हे सांगितलं पाहिजे की कुणाचा गंभीर.

तिसरा अर्थ संशोधकांचा. त्यांच्यासाठी गंभीर ही अवस्था नसून घटना असते: आयसीयूत गेला, नळी घातली, दगावला. सोयीचं आहे, कारण तारीख मिळते. पण आयसीयूत जाणं हे फुप्फुसाइतकंच मोकळ्या खाटेवर अवलंबून असतं. त्या एप्रिलमध्ये खुर्चीवर बसून सिलिंडर लावून रात्र काढलेला माणूस 'आयसीयूत दाखल' या रकान्यात कधीच गेला नाही. ज्याची ऐपत किंवा ओळख होती तो लवकर गेला. तक्त्यात पहिला सौम्य आणि दुसरा गंभीर. २१ एप्रिलला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खाली आला आणि त्या दिवशी २२ रुग्ण गेले. ते मृत्यू कुठल्या सूत्राने आधी सांगितले असते? आणि उद्या कुणी नाशिकच्या त्या महिन्याच्या केसपेपरांवर सूत्र बसवलं, तर ते मृत्यू त्यात 'आजाराची परिणती' म्हणून बसणार. माझं मत विचाराल तर त्या आठवड्यांची नोंद अशा कामाला घेऊच नये. याच्या उलट बाजूने बोलणारे सांगतात, की तसं चाळत गेलं तर आपल्याकडे नोंदच उरणार नाही. त्यांचंही खोटं नाही.

तोंडाच्या बाजूनेही स्वच्छता नाही. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने तोंड पुसायची पद्धत १९९६ च्या हृदयशस्त्रक्रियेच्या रुग्णांवरच्या चाचणीनंतर आयसीयूत सगळीकडे पसरली. २०१४ मध्ये जुन्या चाचण्या पुन्हा तपासल्यावर बाकी रुग्णांत मृत्यू कदाचित वाढतात अशी शंका निघाली. २०२२ च्या अमेरिकी सूचनांनी ते औषध बाजूला ठेवून नुसत्या ब्रशने दात घासायला सांगितलं. २०२३ अखेरच्या, अनेक चाचण्या एकत्र केलेल्या एका संकलनात ब्रशने रुग्णालयातला न्यूमोनिया सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसला. म्हणजे 'तोंडाची निगा ठेवली' अशी केसपेपरवर खूण असली तरी त्या खुणेचा अर्थ वर्षागणिक बदलतो.

आणि 'गंभीर पायोरिया'? २०१८ पासून त्याच्या चार पायऱ्या ठरल्या आहेत आणि वरच्या पायऱ्या ठरवताना पायोरियाने किती दात गेले हेही मोजतात. पाच किंवा जास्त गेले तर चौथी. हाड किती वेगाने झिजतंय यावरून वेगळी प्रतही लावतात, आणि साखर किंवा धूम्रपान असेल तर ती वाढवतात. कागदावर उत्तम. पण दात कशाने गेला हे एक्स-रेत दिसत नाही. सुरगाण्याकडची म्हातारी चाळीस वर्षं मशेरी लावते, दात एकेक करून हलले, काही दवाखान्यात काढले, काही घरीच दोऱ्याने. आता तोंडात एकही नाही. विचारलं तर ती सांगते, 'किडले होते.' हाड मोजायला दात लागतात, त्यामुळे तिच्या नावापुढे पायोरियाच्या रकान्यात 'नाही' लिहिलं जातं.