हौशी रोबो स्पर्धा (गोवा)

स्वतः जोडलेला, स्वतः प्रोग्रॅम लिहिलेला छोटा रोबो मैत्रीच्या चढाओढीत उतरवण्याचा खेळ. रिमोटवरच्या गाड्यांचा यात समावेश होत नाही. बटण दाबल्यावर रोबोला हात लावायचा नसतो, पुढचे सगळे त्यानेच ठरवायचे.

गोव्यात हा खेळ अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांतून वाढला. झुआरीनगर येथील बिट्स पिलानीच्या आवारात भरणारा ‘क्वार्क’ हा त्यांपैकी ठळक. २०२१ मध्ये राज्य सरकारने शाळांत कोडिंग व रोबोटिक्स शिकवण्याची ‘केअर्स’ योजना आणली आणि मराठी माध्यमातून प्राथमिक शिक्षण घेतलेल्या खेडोपाडीच्या मुलांच्याही हाती सेन्सर आले. मोटर लावून काही हलते करण्याची हौस मात्र इथे जुनीच. शिगमोत्सवाच्या चित्ररथांतल्या हलत्या मूर्ती आणि नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री मान फिरवणारे नरकासुराचे पुतळे ज्या वाड्यांवर तयार होतात, तिथल्या पोरांना वायरिंग वेगळे शिकवावे लागत नाही.

सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे लाइन फॉलोअर : पांढऱ्या फ्लेक्सवरच्या काळ्या पट्टीवरून कमीत कमी वेळात धावणे. साहित्य थोडके असते. प्रोग्रॅम चालवणारा आर्डुइनो उनो बोर्ड, दोन पिवळ्या बीओ मोटर (गिअर असलेल्या छोट्या, स्वस्त मोटर), बोर्डाच्या हुकमाप्रमाणे मोटरना वीज पुरवणारा एल२९८एन ड्रायव्हर, पुढे कुठेही वळणारे एक कॅस्टर चाक आणि खाली इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) टिपणाऱ्या सेन्सरांची रांग. पांढरा पृष्ठभाग इन्फ्रारेड किरण परतवतो, काळा शोषतो. या फरकाचे बोर्ड ० ते १०२३ मधल्या आकड्यात रूपांतर करतो. पाच सेन्सरांना −२, −१, ०, १, २ अशी वजने, म्हणजे गुणायचे आकडे, दिली की पट्टी मधोमध आहे की बाजूला सरकली, हे एका संख्येत कळते. ती संख्या म्हणजे चूक. चूक जितकी मोठी, तितका एका मोटरचा वेग वाढवायचा, दुसरीचा घटवायचा. एवढ्यावर थांबले तर रोबो सरळ पट्टीवरही डुलत चालतो. चूक किती झपाट्याने बदलते आहे तेही हिशेबात घेतले की डोलणे आटोक्यात येते. हाच ‘पीडी’ (प्रपोर्शनल-डेरिव्हेटिव्ह) नियंत्रक. चुकीला आणि तिच्या बदलाला किती महत्त्व द्यायचे हे ठरवणारे दोन्ही स्थिरांक अखेर पट्टीवर रोबो पळवूनच बसवावे लागतात.

खरी कसोटी स्पर्धेच्या ठिकाणी लागते. उन्हातही इन्फ्रारेड असते, त्यामुळे मोठ्या खिडक्यांच्या किंवा उघड्या बाजूंच्या सभागृहात सकाळी घेतलेली मापे दुपारी चुकतात. अनुभवी मुले सेन्सरांभोवती काळ्या कार्डपेपरची झालर चिकटवतात आणि प्रत्येक धावेआधी रोबो पट्टीवरून आडवा फिरवून काळ्या-पांढऱ्याची मापे नव्याने घेतात. महागडे किट नसलेला संघ पुढे जातो तो बहुधा याच जोरावर, आणि म्हणून शाळांनी किटपेक्षा सरावाच्या पट्टीला अधिक वेळ द्यायला हवा.

मिनी सुमोत ५०० ग्रॅमपर्यंतचे, १० सेंमी लांबी-रुंदीत मावणारे दोन रोबो ७७ सेंमी व्यासाच्या रिंगणात एकमेकांना बाहेर ढकलतात. रिंगणाची पांढरी कड ओळखायला लाइन फॉलोअरचेच सेन्सर चालतात. मायक्रोमाउस त्याहून अवघड. रोबोने अनोळखी भुलभुलैया आधी हिंडून पाहायचा, नकाशा लक्षात ठेवायचा आणि मग मध्य गाठायचा. मूळ नियमांत १६ × १६ चौकोन असतात.

बॅटरीकडे दुर्लक्ष करू नये. एल२९८एनमध्येच सुमारे २ व्होल्ट खर्च होतात. त्यात सेल उतरले की मोटर मंदावतात आणि भरलेल्या सेलवर बसवलेले स्थिरांक जुळेनासे होतात. सराव आणि शर्यत यांसाठी सेलच्या वेगळ्या जोड्या ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली आहे.